हजरत उमर यांचे कुरण आणि बालाघाटचा धनगर

कार्तिक पौर्णिमा जवळ आली की कपिलधारच्या वाटेला दिंड्या लागतात. मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन घ्यायला मराठवाड्यातून आणि शेजारच्या राज्यांतून लिंगायत भाविक पायी येतात. बीडहून हे ठिकाण जवळच असल्यामुळे शाळेतली मुले घेऊन मी इथे बऱ्याच वेळा आलो आहे. मुले धबधबा पाहतात, मी डोंगर पाहतो. पावसाळा सरल्यावर बालाघाटच्या या उतारांवर कमरेएवढे गवत पिवळे होऊन उभे असते. आपल्यातले बहुतेक जण त्याकडे पाहून म्हणतात, इथे काहीच नाही, नुसते माळरान आहे.

एका वर्षी अशाच सहलीत डोंगराच्या कडेला धनगराचा वाडा उतरलेला दिसला. वाडा म्हणजे घर नव्हे. घोडी, कुत्री, बायकापोरे आणि मेंढरांची खांडे यांचा चालता संसार. रात्री मेंढरे जाळीच्या वाघरीत कोंडतात. आदल्या रात्री लांडग्याने वाघरीबाहेर राहिलेले एक कोकरू नेले होते. खांद्यावर घोंगडी टाकलेल्या म्हाताऱ्याला मी विचारले, "मामा, राग येत नाही का?"

"येतो की, मास्तर," तो म्हणाला. "पर त्ये बी जित्राबच हाय. त्येचा बी वाटा असतो." मग पलीकडच्या उताराकडे बोट केले. तिथे चर खणले होते, तार ओढली होती आणि आत ओळीने रोपे लावली होती. "ह्येचं काय करायचं त्ये सांगा. मेंढरू तिकडं गेलं की दंड. लांडग्याशी कुत्री भांडत्यात, तारंशी कोन भांडणार?"

माझ्या मुलांना लांडग्याची गोष्ट आवडली. माझ्या डोक्यात मात्र तार राहिली. ती तार कुठून आली हे शोधताना जे हाती लागले, तेच इथे मांडतो आहे.

माळ उजाड झालेला नाही, तो जुनाच आहे

शाळेत आपण शिकवतो की दख्खनवर पूर्वी घनदाट जंगल होते, माणसाने ते तोडले, गुरांनी चरून टाकले आणि माळ उरला. मीही अनेक वर्षे हेच शिकवले. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी वेगळ्याच ठिकाणी पुरावा शोधला. त्यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी ग्रंथ, आख्याने आणि ओव्या तपासल्या आणि त्यांत कोणती झाडे, कसले रान येते ते पाहिले. त्यांत आलेली बहुतेक झाडे दाट जंगलातली नव्हती. बाभूळ, तरटी अशी, उघड्या गवताळ रानात वाढणारी होती. पश्चिम महाराष्ट्रातला हा माळ किमान साडेसातशे वर्षे असाच आहे, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे ज्याला आपण ओसाडी समजतो तो मुळातच गवताचा प्रदेश आहे. आपल्या भाषेनेच त्याची साक्ष जपून ठेवली होती, आपण ती वाचली नाही.

या गवताचे आपले रहिवासी आहेत. काळवीट आणि चिंकारा, लांडगा आणि खोकड, तरस, धाविक, चंडोल, तणमोर आणि माळढोक. यांतल्या बहुतेकांना दाट झाडी मानवत नाही. आणि या रहिवाशांबरोबर शतकानुशतके धनगर, गोपाळ आणि त्यांची जनावरे राहिली. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या वाड्यांवर बसून बिरोबा, खंडोबा, म्हसकोबाच्या ओव्या गोळा केल्या. या देवांचा भूगोल म्हणजे कमी पावसाचा, काटेरी, गवताचा पठारी मुलूख. लांडगा हा नात्यातला आहे, कळपात त्याचा हिस्सा आहे, अशा समजुती पुणे-सोलापूरकडच्या मेंढपाळांत आजही ऐकायला मिळतात. कपिलधारच्या म्हाताऱ्याने मला तेच सांगितले होते.

हे सगळे गोडगुलाबी होते असे मी म्हणत नाही. धनगराने लांडगा मारलाही आहे, पिल्लांच्या बिळात धूरही केला आहे. पण त्याने लांडगा संपवायचा विडा कधी उचलला नव्हता. तो विडा सरकारने उचलला. इंग्रजी अमदानीत लांडगा मारणाऱ्याला रोख बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले. आज भारतभर मिळून लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले आहेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमी.

कुरणाचे पडीक कसे झाले

गवत राखण्याची रीत इंग्रजांच्या आधीही होती. मराठेशाहीत घोड्यांसाठी कुरणे राखली जात. इकडे निजामाच्या मुलखात शिकारीची राने राखली जात. गावोगावी गायरान असे. राजाची कुरणे राजासाठी होती आणि त्यात गरिबाला थारा कमीच होता, हेही खरे. पण गवत ही राखण्याजोगी वस्तू आहे, एवढे सर्वांना मान्य होते.

इंग्रजांचा हिशेब वेगळा होता. जी जमीन सारा देत नाही आणि जिच्यावर लाकूड नाही, ती पडीक. १८७१ च्या कायद्याने चुकार जनावरांसाठी कोंडवाडा पक्का केला. १८७८ च्या वनकायद्याने राने राखीव झाली आणि चराईवर बंधने आली. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. पण १९४८ नंतर आपण भारतात आलो, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात, तेव्हा हीच दृष्टी वारशात मिळाली. स्वातंत्र्यानंतरही केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ रानांचे मोठे पट्टे 'पडीक' म्हणूनच रंगवले गेले. पडीक जमिनीचे काहीतरी 'करायचे' असते. म्हणून सुबाभूळ आली, ग्लिरिसिडिया आली. आता सौरपट्ट्या आणि पवनचक्क्या येत आहेत. प्रत्येक गोष्टीमागे चांगला हेतू असू शकतो. धनगराला मात्र कोणी विचारलेले नसते.

माळढोक आणि सलीम अली

सोलापूरजवळच्या नान्नजला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बी. एस. कुलकर्णी या पक्षीनिरीक्षकाने माळढोक नोंदवले आणि देशाचे लक्ष तिकडे गेले. दुष्काळी भागासाठीच्या योजनेत तिथली काही गवताची राने राखली गेली होती. पुढे १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र होते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, गावे, शेते, बाजारपेठा, सगळे कागदावर अभयारण्यात गेले. लोकांच्या जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. ज्या पक्ष्याला शेतकरी कौतुकाने पाहत होता, तोच त्याच्या सातबाऱ्यावर येऊन बसला. शेवटी २०१२ मध्ये क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. तोवर पक्षी जवळपास गेला होता. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते आणि साऱ्या जगात दीडशेच्या आतच उरले आहेत.

माळढोकाचा सर्वांत खोल अभ्यास करणाऱ्यांत डॉ. असद रहमानी यांचे नाव पहिले घ्यावे लागते. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रकल्पात त्यांनी नान्नजसह देशातल्या माळढोकांच्या रानांत वर्षे काढली आणि पुढे ते त्या संस्थेचे संचालक झाले. गवताळ रानाला कोणी वाली नाही, ही तक्रार त्यांनी आयुष्यभर केली. चराई अतोनात झाली तर रान मरते. पण बेताची, फिरती चराई या पक्ष्यांना चालते, कारण त्यांना नजर पोचेल असे मोकळे रान लागते, हेही त्यांच्या मांडणीतून पुढे आले.

आपण मुस्लिम वाचक सलीम अलींचे नाव अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवे. माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा म्हणून त्यांनी आग्रह धरला होता. पण इतिहास लिहायचा तर पूर्ण लिहावा. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात म्हशींची चराई बंद व्हावी, या मताचे तेही होते. १९८२ मध्ये बंदी आली, गावकरी चिडले, गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. त्यानंतर काय झाले? म्हशी गेल्या आणि पाण्यात एक गवत बेसुमार माजले. पाणथळ गुदमरली, पक्ष्यांची जागा आक्रसली. हा निष्कर्ष विरोधकांचा नाही, खुद्द सलीम अलींच्याच संस्थेने केलेल्या दीर्घ अभ्यासाचा आहे. आपली चूक आपल्याच पाहणीतून मान्य करणारी संस्था मला अधिक मोठी वाटते. मुलांना विज्ञान शिकवताना मी हे उदाहरण आवर्जून देतो.

हुनय्यला दिलेली ताकीद

चरणाऱ्याला बाहेर काढूनच रान वाचते का, हा प्रश्न नवा नाही. अरबस्तानात राखलेल्या कुरणाला 'हिमा' म्हणत. इस्लामपूर्व काळात बलाढ्य सरदार उंचावर कुत्रा भुंकायला लावत आणि त्याचा आवाज जाईल तिथवरचे रान आपले म्हणत, असे सांगतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही खासगी मक्तेदारी मोडली. हिमा राहील, पण ती अल्लाह आणि त्याच्या रसूलची, म्हणजे सर्वांच्या भल्यासाठी. पाणी, चारा आणि अग्नी यांत सगळे भागीदार आहेत, ही हदीस आपल्याकडे बऱ्याच जणांना पाठ असते. ती शेजारच्या गायरानालाही लागू होते, हे सहसा सुचत नाही.

हजरत उमर (रजि.) यांनी रबझा इथल्या हिमावर हुनय्य नावाच्या मुक्त केलेल्या गुलामाला राखणदार नेमले. त्याला दिलेली ताकीद सहीह बुखारीत आहे. तिचा आशय असा: लोकांशी नरमाईने वाग, पीडिताच्या बद्दुआला भी. थोडे उंट, थोड्या मेंढ्या असलेल्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना मात्र आत घेऊ नकोस. त्यांची जनावरे मेली तर ते आपल्या खजुरीच्या बागांकडे आणि शेताकडे वळतील. गरिबाची मेली, तर तो लेकरे घेऊन माझ्या दारात येईल. मग मला त्याला सोने-चांदी द्यावी लागेल, त्यापेक्षा पाणी आणि गवत देणे सोपे आहे.

ज्यांना आत घ्यायचे नाही म्हटले, ते दोघे साधेसुधे नव्हते. अशरा मुबश्शरापैकी, मदिनेतले सर्वांत मान्यवर आणि धनाढ्य सहाबी. तरीही नियम त्यांच्यासाठी कडक आणि मेंढपाळासाठी सैल. पुढे हजरत उमर हेही म्हणाले की ही जमीन या लोकांचीच आहे, मी ती राखली म्हणून आपल्यावर जुलूम झाला असे त्यांना वाटत असणार. राखणाऱ्याने ज्यांच्यापासून राखतो त्यांचे दुःख बोलून दाखवावे, हे आजच्या कुठल्या अधिसूचनेत दिसते?

कपिलधारची तार मी या ताकदीशी ताडून पाहिली. आपल्याकडे नियम बरोबर उलटा चालतो. लहान खांडाला दंड आणि मोठ्या प्रकल्पाला वाट.

जिथे दोघे एकत्र बसले

पुणे जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत वेगळी वाट दिसते आहे. इंदापूर, बारामती, सासवडच्या माळांवर अजून लांडगा आहे, आणि धनगरही आहे. द ग्रासलँड्स ट्रस्ट ही पुण्याची संस्था आणि बंगळूरूची एट्री ही संशोधन संस्था वनखात्याबरोबर तिथे काम करतात. मेंढपाळ त्यांच्यासाठी अडथळा नाही, माहितगार आहे. लांडग्याची बीळ कुठे, यंदा पिल्ले किती, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? मेलेल्या मेंढीची भरपाई सरकारी नियमात आहे. पण वाडा आज इथे, उद्या तिथे; पंचनामा होईपर्यंत धनगर दोन गावे पुढे गेलेला असतो. अशा वेळी कागद पुढे सरकवायला कोणीतरी सोबत असणे ही लहान गोष्ट नाही. दुसरे काम कुत्र्यांचे. भटक्या कुत्र्यांकडून लांडग्याला रोग लागतात, आणि २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्र्याचा संकरही सिद्ध झाला. म्हणून गावातल्या कुत्र्यांना लस टोचणे हेही वन्यजीव रक्षणच. कडबनवाडी आणि शिर्सुफळला आता गवताळ रानाची सफारी आहे, तिथे वाटाड्या म्हणून स्थानिक तरुण असतात.

कच्छच्या बन्नीची कहाणी आपल्याला आणखी जवळची वाटावी. तिथले मालधारी बहुतांशी मुसलमान आहेत, जत, मुतवा, हालेपोत्रा. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे हे गवत १९५५ मध्ये सरकारने संरक्षित वन ठरवले. पुढच्या दशकात खारे रण रोखायचे म्हणून तिथे विलायती बाभूळ लावली. बाभळीने गवतच गिळले. मालधाऱ्यांनी २००८ मध्ये आपली संघटना बांधली, सहजीवन ही संस्था आणि संशोधक सोबत आले. रात्री चरून पहाटे परतणारी त्यांची म्हैस २०१० मध्ये 'बन्नी' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कुरणातली अतिक्रमणे हटवायला सांगितले आणि रान सांभाळण्याचा मालधाऱ्यांचा हक्क मान्य केला. तिथे वैज्ञानिक आणि गुराखी बाभूळ काढून गवत परत आणण्याचे प्रयोग मिळून करत आहेत.

हे फक्त गरीब देशांतच होते असेही नाही. अमेरिकेत ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवर १९९४ मध्ये गुरेपालकांनीच मालपाय बॉर्डरलँड्स ग्रुप स्थापन केला. माळावर प्लॉट पडू नयेत ही त्यांची पहिली चिंता. जो गुरेपालक आपली जमीन प्लॉटसाठी न विकण्याचा करार करी, त्याला दुष्काळात शेजारच्या मोठ्या राखीव रानात गुरे चारायची मुभा मिळे. तिथल्या एका गुरेपालकाला १९९६ मध्ये डोंगरात जग्वार दिसला. आधीच्या पिढीने बंदूक उचलली असती. त्याने फोटो काढले आणि जग्वारला जाऊ दिले.

आपल्या गायरानाचे काय?

आता परत बीडला येतो. इथे एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. गायरान हा मराठवाड्यात फक्त गवताचा प्रश्न नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांपासून दलित कुटुंबांनी गायरानावर घाम गाळून भाकरी पिकवली आहे आणि त्यासाठी मारही खाल्ला आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णयही शासनाने घेतला. उद्या कोणी 'गवत वाचवा' म्हणत या एक-दोन एकरवाल्यांना उठवायला निघाला, तर तो निसर्गप्रेमी नव्हे. हजरत उमर यांची कसोटी इथेही लावावी. ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याला आत घ्या, ज्याच्याकडे बागा आहेत त्याला अडवा.

आणि आपला, म्हणजे मुस्लिम समाजाचा, यात काय संबंध? माझे अब्बा आठवडी बाजारात शेळ्यांची खरेदी-विक्री करत. त्यांचे एक वाक्य होते: "जानवर का पेट घास से भरता, बातों से नै." गेली काही वर्षे बकरी ईद मे-जूनमध्ये, ऐन टंचाईत येते आहे. आपल्या दारात बांधलेला बोकड, बहुतेक वेळा काळी उस्मानाबादी जात, कुठल्यातरी धनगराने, कुठल्यातरी भूमिहीन बाईने याच माळावर आणि बांधावर चारून मोठा केलेला असतो. गवत आटले की तो पेंडीवर जगतो. मग भाव चढतो आणि आपण व्यापाऱ्याला बोल लावतो. कुर्बानीचे जनावर धडधाकट असावे याची आपण बारकाईने तपासणी करतो. ज्या रानाने ते धडधाकट केले, त्याची विचारपूस कधी केली?

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवले आहे. आपल्याला परिषदा घेता येणार नाहीत. ग्रामसभेत तीन गोष्टी मात्र मांडता येतील. गावच्या गायरानावर झाड, चर किंवा प्रकल्प येण्याआधी तिथे चारणाऱ्यांना बोलावून विचारावे. लांडग्याने जनावर नेले तर फिरत्या वाड्याचाही पंचनामा त्याच दिवशी व्हावा. आणि गावातल्या कुत्र्यांना लस मिळावी. तिन्हींना पैसा फार लागत नाही.

पुढच्या वर्षी मी मुलांना घेऊन पुन्हा कपिलधारला गेलो, तेव्हा वाडा तिथे नव्हता. तारेच्या आतली बरीच रोपे वाळली होती आणि त्यांच्यामधून गवत पुन्हा वर आले होते. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे गवत कोणाचं आहे?" मी तिला हुनय्यची गोष्ट सांगितली. ती ऐकून तिने दुसरा प्रश्न विचारला: "मग ते मेंढ्यावाले आजोबा आत येऊ शकतात ना?"